झोप, ताण आणि परिस्थिती: मन सावरताना कुठलं काम आधी, कुठलं नंतर

झोपेची तक्रार सांगणाऱ्या बहुतेकांचे निम्मे उपाय आधीच करून झालेले असतात. गरम दूध झालं, तळपायाला तेल झालं, रात्री नऊलाच आडवं होऊन पाहिलं, शेजाऱ्याकडून अर्धी गोळीही आणून घेतली. यातल्या काही गोष्टींत काहीच वावगं नाही. घोटाळा क्रमाचा असतो. नेमकं काय बिघडलंय हे न बघता उपाय सुरू होतो, आठ दिवसांत सुटतो आणि मग ‘आपल्या नशिबात झोपच नाही’ असं मन ठरवून टाकतं.

झोप, ताण आणि घरची-कामाची परिस्थिती या तिन्ही गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या असतात. झोप अपुरी पडली की मेंदूतला भीती आणि राग यांचा भाग लवकर भडकतो आणि त्याला आवर घालणारा पुढचा भाग मंदावतो. म्हणून परवापर्यंत सहन होणारं सासूचं किंवा साहेबाचं बोलणं आज जिव्हारी लागतं. दुसरीकडे, ताणात असलेलं शरीर रात्रीही सावधच राहतं, त्यामुळे दमलेला माणूसही टक्क जागा असतो. दीर्घकाळ निद्रानाश असलेल्यांना पुढे नैराश्य येण्याचा धोका इतरांच्या सुमारे दुप्पट असतो, असं अनेक अभ्यास एकत्र करून पाहिल्यावर दिसलं आहे. ‘आधी टेन्शन संपू दे, मग झोप लागेल’ म्हणून वाट बघण्यात महिने निघून जातात. टेन्शन असतानाही झोप बरीच सुधारता येते, आणि ती सुधारली की बाकीच्या प्रश्नांना हात घालायचं बळ येतं.

खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करा. जिथे तसं सांगितलं आहे ते सोडून मधला एखादा वगळून पुढे जाऊ नका.

सुरुवातीआधी: ही लक्षणं असतील तर आधी डॉक्टर

मरणाचे विचार येत असतील, ‘मी नसलेलंच बरं’ असं कुणी बोलत असेल, तर वही-पेन बाजूला ठेवा. त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञ गाठा. टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे, चोवीस तास चालू असतो आणि मराठीत बोलता येतं. जिवाला लगेच धोका दिसत असेल तर ११२. माणसाला एकटं सोडू नका. ‘जीव द्यायचा विचार येतोय का?’ असं सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. शेतकरी घरात तणनाशक आणि कीटकनाशकं त्याच दिवशी कुलपात टाका आणि किल्ली दुसऱ्याकडे द्या. झोपेच्या गोळ्यांचंही तेच. अशा क्षणी साधन हाताशी नसणं याने खरोखर जीव वाचतात.

आणखी चार गोष्टी घरी बसून हाताळायच्या नाहीत. सलग काही रात्री दोन-तीन तासच झोप होऊनही थकवा नाही, बोलणं थांबत नाही, पैसा उधळला जातोय. कुणी नसताना आवाज ऐकू येतात किंवा कुणीतरी मागावर आहे अशी पक्की खात्री वाटते. बाळंतपणानंतर आईला बाळ झोपलेलं असतानाही झोप नाही आणि बाळाबद्दल भलतेसलते विचार येतात. रोजची दारू किंवा जुनी झोपेची गोळी एकदम बंद केल्यावर थरथर, घाम, भास किंवा झटका येतो. यातलं काहीही दिसलं तर उद्यावर ढकलू नका.

टप्पा १: तीनपैकी आपली अडचण कोणती ते ठरवा

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात, म्हणून इथे वेळ द्या. ‘झोपेचा प्रॉब्लेम’ या दोन शब्दांत तीन अगदी वेगळ्या गोष्टी लपलेल्या असतात.

पहिली, झोप येत नाही. वेळ आहे, अंथरूण आहे, अंधार आहे, पण डोळा लागत नाही किंवा तीनला जाग येते ती येतेच.

दुसरी, झोपायला मिळत नाही. पहाटे साडेचारला धार काढायची, सहाच्या आत दूध डेअरीवर पोचवायचं, मग डबे, पोरांची शाळा, शेत, आणि रात्री भांडी आवरून साडेअकराला पाठ टेकायची. या बाईला पडल्या पडल्या झोप लागते. तिच्या शरीरात बिघाड नाही, तिच्या दिवसात तास कमी आहेत. तिला अंधार, मोबाईल आणि श्वसनाचे सल्ले देऊन काही होत नाही. घरातली कामं वाटून घेतली तरच तिचं भागेल.

तिसरी, झोप होते पण अंगी लागत नाही. आठ तास झोपूनही सकाळी डोकं जड, दिवसा डुलक्या, घरचे सांगतात की घोरण्याचा आवाज मधेच थांबतो आणि मग गुदमरल्यासारखा श्वास येतो. हे डॉक्टरांचं काम आहे.

पहिल्या आणि दुसऱ्या अडचणीचे उपाय एकमेकांच्या उलट आहेत. झोप येत नसलेल्याने अंथरुणातला वेळ कमी करायचा असतो, झोपायला न मिळणाऱ्याने तो वाढवायचा असतो. इथे गल्लत झाली की पुढचं सगळं उलटं पडतं.

तपासा: सलग तीन दिवस सुट्टी मिळाली, कुणी उठवलं नाही, तर तुम्ही लगेच आणि भरपूर झोपाल का? उत्तर ‘हो’ असेल तर तुमची अडचण बहुधा दुसरी आहे. टप्पा २ आणि ३ करून थेट सहाव्या टप्प्यावर या.

टप्पा २: चौदा दिवसांची नोंद

शाळेची जुनी वही चालेल. ॲप आणि मनगटावरचं घड्याळ बाजूला ठेवा. ‘गाढ झोप कमी’ हा आकडा सकाळी बघून माणसं आणखी घाबरतात. नोंद सकाळी उठल्यावर, अंदाजाने करायची. रात्री घड्याळ बघायचं नाही. ते भिंतीवर असेल तर उतरवून दुसऱ्या खोलीत ठेवा.

लिहायचं एवढंच: अंथरुणात किती वाजता गेलो, अंदाजे कधी झोप लागली, मधे किती वेळ जागा होतो, कधी उठलो. दिवसाचा चहा आणि शेवटच्या चहाची वेळ, तंबाखू-मिश्री-सिगारेट, दारू, दुपारची झोप. दिवसभराच्या मनःस्थितीला शून्य ते दहापैकी एक आकडा, आणि त्या दिवशी मनावर ओझं ठेवून गेलेली एक गोष्ट.

समजा, एका किराणा दुकानदाराची नोंद अशी आहे: ‘मंगळवार. अंथरुणात १०. झोप लागली साडेबाराच्या सुमारास. तीनला जाग, पाऊण तास. उठलो साडेसहा. चहा सहा वेळा, शेवटचा रात्री साडेआठला. दुपारी दुकानात खुर्चीवरच दीड तास झोप. मन ४. पतसंस्थेचा फोन.’

या एका ओळीत बरंच काही दिसतं. अंथरुणात साडेआठ तास, झोप सव्वापाच तास. दुपारच्या दीड तासाने रात्रीच्या झोपेची भूक मारली. साडेआठच्या चहातलं निम्मं कॅफीन मध्यरात्रीनंतरही अंगात होतं, कारण ते अर्धं व्हायलाच साधारण पाच-सहा तास लागतात. आणि पतसंस्थेचा फोन तर झोपेचा विषयच नाही, तो पाचव्या आणि सहाव्या टप्प्याचा आहे. अशा चौदा ओळी झाल्या की कुठल्या दिवशी मन खाली जातं आणि त्याच्या आदल्या रात्री काय झालं होतं, हे आपोआप दिसायला लागतं.

इशारा: दोन-तीन दिवस लिहून निष्कर्ष काढू नका. त्यात एखादा रविवार, एखादं लग्न, एखादी भांडणाची रात्र आली तर सगळं चित्र वेडंवाकडं होतं.

टप्पा ३: शरीर आणि पोटात जाणाऱ्या गोष्टी

नोंद चालू असतानाच ही तपासणी उरकून घ्या. थायरॉईड, मधुमेहामुळे रात्री चार-चारदा लघवीला उठणं, पित्त, अंगदुखी, पाळी जाताना अंगातून निघणाऱ्या वाफा, पायांत सळसळ होऊन ते हलवावेसे वाटणं (यामागे अनेकदा लोहाची कमतरता असते), ही सगळी झोप मोडणारी आणि इलाज असणारी कारणं आहेत. कुटुंबाच्या डॉक्टरांना झोपेबद्दल मुद्दाम सांगा, कारण ‘थकवा येतो’ एवढंच सांगितलं तर टॉनिक लिहून मिळतं. चालू असलेली औषधंही दाखवा. दम्याची, सर्दीची काही औषधं आणि स्टेरॉईड झोप उडवतात.

मग सवयी. शेवटचा चहा दुपारी दोन-तीनच्या आत. तंबाखू आणि मिश्रीने मन शांत होतं असं वाटतं, पण निकोटिन जागं ठेवणारं द्रव्य आहे. झोपण्याआधी मिश्री लावायची सवय असलेल्या बायकांनी निदान ती वेळ संध्याकाळवर आणावी. दारूने डोळा लवकर लागतो हे खरं, पण उत्तररात्रीची झोप तुकड्यातुकड्यांत होते आणि सकाळी मन जास्त उदास असतं. रोज पिणाऱ्याने एकदम बंद करू नये, डॉक्टरांच्या देखरेखीखाली उतरवावं. रात्री दहाला तांबड्या-पांढऱ्या रश्श्यावर ताव मारून अकराला आडवं झालं तर पित्त वर येणारच. तसं जेवण दुपारी ठेवा, रात्रीचं जेवण झोपेच्या दोन-तीन तास आधी आटपा.

टप्पा ४: आधी उठण्याची वेळ, मग झोपण्याची

‘लवकर झोपायचं’ या संकल्पाने सुरुवात करू नका. झोप हुकमाने येत नाही, उठणं मात्र आपल्या हातात असतं. उठण्याची एक वेळ ठरवा आणि ती रविवारीही पाळा. रात्र कितीही वाईट गेली तरी त्याच वेळी उठा. जागेपणी मेंदूत झोपेचा दाब हळूहळू साठत जातो. सकाळी उशिरापर्यंत लोळलं किंवा दुपारी दीड तास झोपलं की तो दाब उतरतो आणि रात्री परत तेच रडगाणं.

उठल्यावर तासाभरात उघड्यावरच्या उजेडात वीस-तीस मिनिटं. कोल्हापुरात असाल तर रंकाळ्याला किंवा विद्यापीठाच्या आवारात फिरायला गेलात तर उत्तम, नाहीतर गच्ची किंवा अंगण चालेल. खिडकीतल्या उजेडाने तेवढं काम होत नाही. सकाळचा उजेड मेंदूतलं घड्याळ लावतो आणि रात्री झोप कधी येणार हे बऱ्याच अंशी त्यावर ठरतं. पावसाळ्यात आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही, तरी ढगाळ आकाशाखालचा उजेडसुद्धा घरातल्या ट्यूबलाईटपेक्षा कितीतरी जास्त असतो. छत्री घेऊन बाहेर पडा.

आता झोपण्याची वेळ. हा भाग फक्त पहिल्या अडचणीसाठी, म्हणजे झोप येत नसलेल्यांसाठी आहे. चौदा दिवसांच्या नोंदीतून रोजच्या प्रत्यक्ष झोपेची सरासरी काढा. त्या दुकानदाराची सरासरी साडेपाच तास निघाली असं धरू. अंथरुणातल्या साडेआठ तासांपैकी साडेपाच म्हणजे सुमारे ६५ टक्के. त्याने सरासरीत अर्धा तास मिळवायचा, म्हणजे सहा तास. सकाळी सहाला उठायचं तर रात्री बाराच्या आत अंथरुणाकडे फिरकायचं नाही. आठवडाभर अंथरुणातल्या वेळेपैकी ८५ टक्के किंवा जास्त वेळ झोप लागली की झोपायची वेळ पंधरा मिनिटं अलीकडे आणायची. पुढच्या आठवड्यात तसंच. पहिले सात-दहा दिवस दिवसा पेंग येईल, चिडचिड होईल. बहुतेक जण इथेच सोडून देतात, आणि खरा फरक नेमका यानंतर दिसतो.

अंथरूण फक्त झोपेसाठी आणि पती-पत्नीच्या सहवासासाठी. तिथे हिशेब नाही, मोबाईल नाही, उद्याच्या भांडणाची तयारी नाही. अंदाजे वीस मिनिटं झोप लागली नाही किंवा मधे जाग येऊन तळमळ सुरू झाली, तर उठून दुसरीकडे बसा. मंद दिव्यात काहीतरी सपक करा: कपड्यांच्या घड्या, भाजी निवडणं, जुनं मासिक. पेंग आली की परत या. एकाच खोलीत सगळं घर झोपत असेल तर भिंतीला टेकून बसलात तरी चालेल, फक्त आडवं राहून झोपेशी झटापट नको. झोप न येता तासन् तास पडून राहिलं की अंथरूण दिसताच मन सावध व्हायला शिकतं. ते याच मार्गाने मोडायचं आहे.

इशारा: अंथरुणातला वेळ साडेपाच तासांच्या खाली कधीही नेऊ नका. ट्रक-एसटी चालवणारे, भट्टीवर, प्रेसवर किंवा उंचावर काम करणारे, फिट येणारे, पूर्वी कधी उन्मादाचा त्रास झालेले आणि गरोदर बायका, यांनी वेळ कमी करण्याचा हा भाग डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. त्यांच्यासाठी उठण्याची एकच वेळ आणि अंथरुणाचे नियम एवढं पुरे.

तपासा: तीन आठवड्यांनी वहीतला मनाचा आकडा बघा. पुष्कळदा झोपेचे तास फारसे वाढण्याआधीच तो एक-दोनने वर सरकलेला असतो.

टप्पा ५: ताणाला संध्याकाळी बसवा, रात्री नको

‘टेन्शन घिऊ नकोस की’ हे वाक्य आपल्याकडे मायेने म्हणतात, पण ऐकणाऱ्याला त्यातून काही करता येत नाही. करता येण्यासारखं एक काम आहे. संध्याकाळी सहा ते आठच्या दरम्यान वीस मिनिटं काळजीसाठी ठेवा. बसून लिहा, पडून नाही. डोक्यात फिरणारी प्रत्येक गोष्ट एका ओळीत. मग प्रत्येकीपुढे एकच प्रश्न: या आठवड्यात मी यावर काही करू शकतो का? करता येण्यासारखं असेल तर पुढचं सगळ्यात छोटं पाऊल, वार आणि वेळ घालून लिहा. ‘कर्जाचं बघायचं’ हे पाऊल झालं नाही. ‘गुरुवारी अकराला पतसंस्थेत जाऊन शिल्लक रकमेचा उतारा मागायचा’ हे झालं. हाती काही नसेल तर तिथे ‘आत्ता नाही’ असं लिहून पुढे जा.

रात्री तोच विचार आला की त्याला उत्तर द्यायचं नाही. ‘लिहिलंय, उद्या सहाला बघू’ एवढं मनात म्हणायचं. सुरुवातीला मन ऐकत नाही, पण लिहिलेलं खरंच दुसऱ्या दिवशी बघितलं जातं हे कळलं की ऐकायला लागतं. म्हणूनच वीस मिनिटं चुकवू नका.

शरीर उतरवायला श्वास लांब सोडणं पुरतं. चार मोजत घ्यायचा, सहा-आठ मोजत सोडायचा, पाच मिनिटं. हे दिवसा शिका, बसस्टॉपवर, दुकानात. पहिल्यांदाच रात्री दोन वाजता करायला गेलं की तीही एक परीक्षाच होऊन बसते.

टप्पा ६: परिस्थिती बदला, निदान तिचं टोक बोथट करा

झोपेचे सगळे नियम पाळूनही मन खालीच राहत असेल तर बहुतेकदा कारण दिवसात असतं. इथे सगळ्यांना एक सल्ला लागू पडत नाही. आपल्याला लागू असेल तेवढं घ्या.

*पाळीचं काम.* शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगलेच्या एमआयडीसीत आणि इचलकरंजीच्या मागांवर रात्रपाळी चुकत नाही. पाळी फिरती असेल तर पहिली, मग दुसरी, मग तिसरी असा पुढे सरकणारा क्रम शरीराला उलट क्रमापेक्षा सोपा जातो. पाळ्या लावणाऱ्याशी हे बोलून बघण्यासारखं आहे, कारण त्यात कारखान्याचा खर्च वाढत नाही. रात्रपाळीत चहा पहिल्या अर्ध्या भागातच. सुटल्यावर घरी येऊन थेट झोपा, ‘आधी बाजार उरकू’ नको. खिडकीला जाड पडदा किंवा सरळ काळं कापड लावा, आणि घरच्यांनी ही झोप रात्रीच्या झोपेइतकीच मानावी. दाराची बेल, मिक्सर, ‘जरा उठ, सही कर’ हे सगळं दुपारनंतर. शक्य असेल तर सुट्टीच्या दिवशीही त्याच झोपेतले निदान चार तास तसेच ठेवा. पुणे-बंगळूर हायवेवर पेंगत दुचाकी चालवू नका. डोळे मिटायला लागले तर कंपनीतच वीस मिनिटं टेकून मग निघा.

*रात्रीची लाईट.* शेतीपंपाची वीज पाळीपाळीने येते, आणि रात्रीच्या आठवड्यात उसाला पाणी पाजायला जागावं लागतं. रोज एकानेच जायचं हा घरातला रिवाज मोडा. भावकीत, शेजारच्या बांधावरच्याशी रात्री वाटून घ्या. त्या आठवड्यात दुपारी दीड तासाची झोप हक्काची, आणि मोठे निर्णय, वाटणीच्या बैठका, पैशाची बोलणी पुढच्या आठवड्यावर. चार रात्री जागलेल्या माणसाच्या तोंडून निघालेला शब्द वर्षभर निस्तरावा लागतो.

*घरची बाई.* वहीत तिचे तास लिहून ते घरातल्या पुरुषांना दाखवा. रोज सहा तासांपेक्षा कमी भरत असतील तर एक काम, नुसती ‘मदत’ नव्हे तर अख्खं काम, दुसऱ्याकडे गेलं पाहिजे: सकाळची धार, डेअरीची फेरी किंवा रात्रीची भांडी. नुसती मदत म्हटलं की लक्ष ठेवायचं ओझं तिच्याच डोक्यावर राहतं. तान्हं बाळ असेल तर आईला सलग चार-पाच तास मिळावेत म्हणून रात्रीचं एखादं उठणं दुसऱ्या कुणी घ्यावं.

*पुराची भीती.* २०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर आंबेवाडी-चिखलीपासून शिरोळपर्यंत पुष्कळ घरांत जुलै लागला की झोप उडते. दर अर्ध्या तासाला व्हॉट्सॲपवर पाण्याची पातळी बघणं हे सावधपणासारखं वाटतं, त्याने भीती वाढते. तयारी मे महिन्यातच करा: कागदपत्रं प्लॅस्टिकच्या पिशवीत, औषधं एका डब्यात, जनावरं कुठे हलवायची ते ठरलेलं, जायचं घर ठरलेलं. मग एक रेघ आखून घ्या. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. आपलं घर सखल भागात असेल तर त्याआधीच्या कुठल्या आकड्याला हलायचं ते घरात ठरवा. प्रशासनाचा आकडा सकाळी आणि संध्याकाळी बघायचा, रात्री पाळीने एकानेच जागायचं, बाकीच्यांनी झोपायचं. प्रशासनाने हलायला सांगितलं तर मात्र आपल्या आकड्याची वाट बघू नका. पाणी ओसरल्यावर महिना उलटूनही पुराचीच स्वप्नं पडत असतील, पावसाच्या आवाजाने छाती धडधडत असेल, तर त्यावर उपचार आहेत. सातवा टप्पा वाचा.

*कर्ज.* आकडा घरापासून लपवलेला असेल तर पहिलं काम तो एका विश्वासाच्या माणसाला सांगणं. सगळी देणी एका कागदावर: कुणाचं, किती, व्याज काय, तारीख कधीची. हप्ता थकण्याआधी बँकेत जाऊन मुदत वाढवून मागता येते, थकल्यावर तेच अवघड होतं. विनापरवाना सावकार छळत असेल तर महाराष्ट्रात २०१४ चा सावकारी नियमन कायदा आहे आणि तक्रार जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे करता येते.

*छळ आणि आवाज.* घरात मारहाण किंवा छळ असेल तर झोपेचे नियम दुय्यम, सुरक्षितता आधी. महिलांसाठी १८१, आणि मोफत वकिलासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, हेल्पलाईन १५१००. स्त्रियांना तिथे उत्पन्नाची अट नाही. एरवी रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिवर्धकांवर बंदी असते, मिरवणुकांच्या दिवसांतही शासन काही ठरावीक दिवशीच बारापर्यंत सूट देतं. घरात आजारी, म्हातारं किंवा परीक्षेचं मूल असेल तर ११२ वर तक्रार करायला संकोच नको.

*परीक्षा.* दहावी-बारावीच्या मुलांना आठ ते दहा तास झोप लागते. वाचलेलं पक्कं होतं ते झोपेतच. रात्री दोनपर्यंत जागून केलेला धडा सकाळी आठवत नाही, यात मुलाची हुशारी कमी नसते. पहाटे चारला उठवायचं तर आठच्या आत झोपवायचं, दोन्हीकडून कापायचं नाही.

टप्पा ७: डॉक्टरांकडे कधी, कुठे आणि काय घेऊन

आठवड्यात तीन किंवा जास्त रात्री झोपेचा त्रास आणि तो तीन महिने चालू, तर तो दीर्घकालीन निद्रानाश. दोन आठवडे जवळजवळ रोज उदास वाटणं, कशात रस नसणं, भूक-वजन बदलणं, स्वतःला दोष देणं, हे नैराश्याचं लक्षण. पहाटे नेहमीपेक्षा दोन तास आधी जाग येते आणि ती वेळ दिवसातली सगळ्यात वाईट वाटते, हीसुद्धा त्याची ओळखीची खूण आहे. एवढं झालं की थांबू नका. वरचे टप्पे चालू ठेवूनच जा.

कोल्हापुरात सीपीआर या सरकारी रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे, केसपेपर काढून दाखवता येतं. तालुक्याच्या ठिकाणी ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचं पथक कुठल्या दिवशी येतं ते विचारा. जायला जमत नसेल तर सुरुवात १४४१६ वरून करा. आरोग्य विमा असेल तर पॉलिसी पुन्हा वाचा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने विमा कंपन्यांनी मानसिक आजारालाही शारीरिक आजारासारखंच धरणं बंधनकारक केलं आहे.

सोबत झोपेची वही, चालू गोळ्यांची पाकिटं आणि घरातलं एक माणूस. पहिल्या पाच मिनिटांत सांगायच्या गोष्टी आधी कागदावर लिहा: कधीपासून, काय बदललं, दारू-तंबाखू किती, मरणाचे विचार आले का, घराण्यात कुणाला असा त्रास होता का. दारूबद्दल खरं सांगा. दारू आणि झोपेची गोळी एकत्र झाली तर श्वास मंदावून जीव जाऊ शकतो, म्हणून ते विचारतात. दीर्घकालीन निद्रानाशावर गोळीच्या आधी झोपेसाठीची वर्तनोपचार पद्धत वापरावी, अशी शिफारस आहे. चौथा टप्पा तिचाच भाग आहे. ‘गोळीशिवाय काही करता येईल का?’ हे विचारायला लाजू नका.

गोळी मिळालीच तर या चुका टाळा. झोपेची गोळी सहसा थोड्या आठवड्यांसाठी असते, तीच चिठ्ठी दाखवून वर्षभर घेत राहू नका. शेजारणीची गोळी घेऊ नका आणि आपली देऊ नका. रोज घेत असाल तर एकदम बंद करू नका, हळूहळू उतरवावी लागते. नैराश्याच्या गोळीला परिणाम दाखवायला दोन ते सहा आठवडे लागतात, त्यामुळे आठव्या दिवशी ‘काही फरक नाही’ म्हणून सोडू नका. बरं वाटल्यावरही डॉक्टरांनी सांगितलेल्या मुदतीआधी थांबवलं तर त्रास उलटतो. ‘येड्यांचा डॉक्टर’ असं कुणी म्हणालं तर त्या माणसाला तुमच्या उपचाराबद्दल सांगायची गरज नाही. कुणाला सांगायचं ते तुम्ही ठरवा.

टप्पा ८: पुन्हा बिघडली तर

बिघडणार, हे धरून चाला. सुगीत, गळीत हंगामात, घरात कुणी गेल्यावर, बदली झाल्यावर झोप हलतेच. एका वाईट रात्रीनंतर काहीही वेगळं करायचं नाही: त्याच वेळी उठायचं, दुपारची झोप वाढवायची नाही, रात्री लवकर आडवं व्हायचं नाही. जवळचं माणूस गेल्यावर पहिले काही आठवडे झोप आणि भूक विस्कटणं स्वाभाविक आहे. तेव्हा नियमांचा जाच नको, फक्त उठण्याची वेळ आणि दोन वेळचं जेवण सांभाळा, आणि रात्री सोबतीला कुणीतरी असू द्या.

सलग दोन आठवडे वाईट गेले तर वही पुन्हा काढा आणि पहिल्या टप्प्यापासून सुरू करा, कारण या वेळची अडचण मागच्यापेक्षा वेगळी असू शकते. मागच्या वेळी झोप येत नव्हती, या वेळी कदाचित झोपायलाच मिळत नसेल. जुनी वही टाकू नका. कशाने बरं वाटलं होतं आणि त्याला किती आठवडे लागले होते, ते तिच्यात तारखेसह लिहिलेलं आहे. डॉक्टरांकडे जावं लागलं तर दोन्ही वह्या सोबत न्या.